उपकारस्तुती रोजच्या जगण्यात कशी आणायची: आमच्या घरात चालणारी पद्धत

आमच्याकडं प्रार्थना सभेत कुणालाही प्रार्थना करायला सांगितलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "हे दयाळू स्वर्गीय पित्या, आजच्या या सुंदर दिवसाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो", आणि मग लगेच मागण्या सुरू, नोकरी, लग्न, गुडघे, पोराचा रिझल्ट. मीही कितीतरी वर्षं अशीच प्रार्थना करत आले. मागण्यात वाईट काही नाही, मागा म्हणून येशूनंच सांगितलंय. पण ते पहिलं वाक्य बोलताना माझ्या मनात काहीच हलायचं नाही, दारावरनं जाताना चप्पल सरळ करावी तसं ते वाक्य बोलून पुढं जायचं. हे बदलायला मला बराच काळ लागला, आणि काय काय केलं म्हणून बदललं ते इथं नीट लिहिते, कुणाला उपयोग झाला तर बरंच.

सुरुवात लूकच्या १७ व्या अध्यायापासनं करते. दहा कुष्ठरोग्यांची गोष्ट, शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात, सगळ्यांनी ऐकलेली. पण ११ वं वचन परत एकदा वाचून बघा. येशू यरुशलेमला चालला होता आणि शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवरनं जात होता. सीमेवरनं! आपण बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं, सीमा म्हणजे काय ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको, दुकानाच्या बोर्डापासनं शाळेच्या फॉर्मपर्यंत ती आपल्या रोजच्या जगण्यात असते. तर त्या सीमेवर दहा जण लांब उभे राहून ओरडले, येशू म्हणाला जा, स्वतःला याजकांना, म्हणजे देवळातल्या पुरोहितांना, दाखवा, दहाही निघाले, वाटेत दहाही बरे झाले. नऊ जणांनी चूक अशी काय केली? सांगितलेलंच करायला गेले ते. एकजण मात्र आपण बरं झालोय हे बघून परत फिरला, मोठ्यानं देवाचं गौरव करत आला आणि येशूच्या पायाशी पडला. आणि तो होता शोमरोनी, पलीकडचा, यहुदी लोक ज्यांना परके मानायचे त्यांतला.

मला कृतज्ञतेबद्दल जे काही कळलंय ते सगळं त्या परत फिरण्यात आहे. उपकारस्तुती म्हणजे देवाचे आभार मानणं, पण नुसतं मनात छान वाटणं म्हणजे उपकारस्तुती नाही, छान तर त्या नऊ जणांनाही वाटलंच असणार. चालती वाट सोडून मागं यायचं, देणाऱ्यापर्यंत यायचं आणि तोंडानं बोलायचं. खाली जे जे लिहिलंय ते याचंच रोजचं रूप आहे.

पहिल्यांदा शब्द नीट धरा

आपल्या मराठी बायबलमध्ये शब्द आहे उपकारस्तुती. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात, ५:१८ मध्ये, पौल म्हणतो सर्व स्थितीत उपकारस्तुती करा. या शब्दातच पद्धत लपलीय. आधी उपकार, म्हणजे नेमकं काय झालं ते नाव घेऊन सांगायचं. मग स्तुती, म्हणजे ते ज्यानं केलं त्याच्याकडं बघायचं. नुसता उपकार मोजला तर हिशोबाची वही होते, नुसती स्तुती केली तर ती हवेत राहते. म्हणून मी तीन तुकडे ठरवलेत: काय मिळालं, कुणाच्या हातनं मिळालं, आणि देवा हे तुझ्याकडनं आलं. उदाहरणार्थ, "आज डॉक्टरांकडं नंबर लवकर लागला, कंपाउंडर काकांनी आईला बसायला खुर्ची आणून दिली, प्रभू, हे तूच केलंस, तुझे उपकार." संपलं. अर्धा मिनिट पण लागत नाही, पण पहिल्या आठवड्यात हे अर्ध्या मिनिटाचं वाक्य जुळवायलासुद्धा जड जाईल कारण आपल्याला नेमकं बोलायची सवय नसते. जड गेलं तर घाबरू नका, जोर लावा.

सकाळी, मोबाईलच्या आधी

ही पायरी सगळ्यात छोटी आणि सगळ्यात पटकन मोडणारी. विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायात, ओसाड पडलेल्या यरुशलेमात बसून लिहिणारा माणूस म्हणतो की देवाची दया रोज सकाळी नवी होते. तर सकाळी व्हॉट्सअ‍ॅप उघडायच्या आधी एक वाक्य, मोठ्यानं. वेगळी वेळ काढायला जाऊ नका, निघत नाही, कुठल्यातरी रोजच्या कामाला ते वाक्य बांधून टाका. मी चहाचं आधण ठेवते तेव्हा बोलते. आमच्या ओळखीतले एकजण उद्यमबागला फाउंड्रीत पहिल्या शिफ्टला जातात, ते गाडीला किक मारायच्या आधी बोलतात. ज्यांच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही त्यांच्यासाठी पाण्याच्या दिवशी पहिली घागर भरताना याच्याइतकी चांगली वेळ नाही, त्या पाण्याचा आवाजच प्रार्थना सुरू करून देतो.

ताटावर

जेवणाआधीची प्रार्थना आपण करतोच. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, ८:१० मध्ये, मात्र उलटं आहे, खाऊन तृप्त झाल्यावर देवाचा धन्यवाद कर. पोट भरल्यावर देव आठवत नाही हे मोशेला माहीत होतं, पुढच्या वचनांत त्यानं तेच बजावलंय. म्हणून आमच्या घरी दोन्ही वेळेला करतो, आधी छोटी, जेवण झाल्यावर हात धुवायच्या आधी एक ओळ. आणि रात्रीच्या जेवणात पाळीपाळीनं एकेकानं ताटातल्या एका पदार्थाचा मागचा रस्ता सांगायचा. रताळी असतील तर ती कुठल्या रानातनं निघाली, कुणी उकरली, मार्केटला कुणी आणली, कुणी शिजवली. धाकटीनं एकदा मिठापासनं सुरुवात केली आणि मिठागरात उन्हात उभ्या राहणाऱ्या माणसांसाठी प्रार्थना केली, मी तिला काही शिकवलेलं नव्हतं. आठवड्यातनं दोनदा केलं तरी पुरे, रोज केलं तर मुलं कंटाळतात.

वही

बरेच लोक इथं सुरू करतात आणि इथंच सोडतात, म्हणून हे जरा सविस्तर.

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाईलच्या नोट्समध्ये लिहिणारे पण आहेत, चालेल, पण मोबाईल हातात घेतला की दहा मिनिटांनी आपण दुसरीकडंच असतो हा माझा अनुभव आहे, त्यामुळं मी वहीच सांगते. तारीख टाका आणि तीन गोष्टी लिहा, जास्त नाही. नियम एकच पाळा, महिनाभर तीच गोष्ट परत लिहायची नाही. पहिल्या आठवड्यात घर, आरोग्य, नवरा, मुलं, नोकरी, मंडळी म्हणजे आपलं चर्च, सगळं लिहून संपतं आणि आठव्या नवव्या दिवशी वाटतं आता काय लिहू. तिथंच खरं काम सुरू होतं, कारण आता बघावं लागतं. "कुटुंबाबद्दल धन्यवाद" असं लिहू नका, "आज मोठ्यानं न सांगता दळण आणलं आणि पीठ डब्यात ओतून पण ठेवलं" असं लिहा. "प्रवासात सांभाळलंस" याच्यापेक्षा "जांबोटीच्या वळणावर धुकं होतं, समोरच्या ट्रकवाल्यानं लाइट दाखवून आम्हाला थांबवलं" असं लिहा. ज्या गोष्टीला तारीख, जागा आणि माणूस आहे ती गोष्ट सहा महिन्यांनी वाचली तरी तशीच ताजी राहते.

चुकलेले दिवस भरून काढू नका. चार दिवस राहिले तर चार दिवसांचं एकदम लिहायला बसलात की ते ओझं होतं आणि पाचव्या दिवशी वही कपाटात जाते. राहिलं ते राहिलं, आजची तारीख टाका. आणि लिहून झालं की ते तीनही वाचून देवाला सांगा, नाहीतर ती डायरी होते, उपकारस्तुती होत नाही. १०३ व्या स्तोत्रात दावीद आपल्याच जिवाला सांगतो की त्याचे सगळे उपकार विसरू नकोस, स्वतःला सांगावं लागतं याचाच अर्थ जीव विसरतो.

रात्री, दिवस परत चालून बघायचा

हे मी कॅथलिक मैत्रिणीकडनं शिकले. इग्नेशियस लोयोला म्हणून संत होऊन गेले, १४९१ ते १५५६, जेझुइट संघ त्यांनीच सुरू केला. दिवसाच्या शेवटी मन तपासायची त्यांची एक पद्धत आहे आणि तिची पहिली पायरी पापांची यादी नाही, देवाचे उपकार मानणं ही आहे, चुका त्यानंतर. मी मेथडिस्ट, म्हणजे प्रॉटेस्टंट, घरातली, आमच्याकडं रात्रीची प्रार्थना म्हणजे आधी क्षमा मागायची. पण आधी उपकार आठवले की क्षमा मागणं पण वेगळं होतं, भीतीनं न होता लाजेनं आणि प्रेमानं होतं, हे मला करून बघितल्यावरच कळलं.

करायचं असं: दिवे घालवून अंथरुणावर बसा, उठल्यापासनं तासातासानं दिवस डोळ्यासमोरनं जाऊ द्या, सकाळी कोण भेटलं, दुपारी काय खाल्लं, बसमध्ये शेजारी कोण होतं. जिथं मन थांबतं तिथं थांबा. दहा मिनिटं पुरतात. झोप लागली तर लागू दे, देवाशी बोलता बोलता झोप लागणं ही पण देणगीच आहे.

माणसांकडं परत जाणं

तो शोमरोनी मनातल्या मनात आभार मानून पुढं गेला नाही, तो चालत माघारी आला. तर वहीतलं आठवड्यातनं एक नाव निवडा आणि त्या माणसाकडं जा. जाता येत नसेल तर फोन करा. व्हॉट्सअ‍ॅपवर फुलांचा फोटो आणि हात जोडलेले इमोजी नकोत, त्यानं समोरच्याला काय कळतं? तीन गोष्टी बोला, तुम्ही काय केलंत, कधी केलंत, आणि त्यानं माझं काय झालं. आपल्याकडं घरच्या माणसांना थँक्यू म्हणायची पद्धत नाही, नवऱ्याला म्हटलं तर तो विचारतो काय झालं, बरं आहेस ना. तिथं थँक्यू नको, "तुम्ही काल भांडी घासून ठेवलीत, मला सकाळी उठून किती बरं वाटलं" एवढंच म्हणा, त्यात सगळं येतं.

आणि पलीकडच्यांकडं मुद्दाम जा. आपल्या भागात भाषेवरनं मनं किती पटकन आंबतात ते सगळ्यांना माहीत आहे, मी त्या वादात शिरत नाही, पण उपकाराला भाषा नसते हे मात्र ठाम सांगते. उपकार हा शब्दसुद्धा कन्नडमध्ये उपकारच आहे. "भाळ उपकार आत्री" एवढं कुणीही म्हणू शकतं. गल्लीतल्या अक्का, बसचे कंडक्टर, बँकेत फॉर्म भरून देणारा मुलगा, यांना त्यांच्या भाषेत हे तीन शब्द म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघा. आणि आपल्याकडं कोकणी बोलणारे गोव्याकडचे ख्रिस्ती लोक आहेत, ते आभार मानताना म्हणतात "देव बरें करूं", देव तुमचं बरं करो. किती सुंदर आहे! त्यांच्या भाषेत आभार मानणं म्हणजे समोरच्यासाठी प्रार्थनाच झाली. मी हे सरळ उचललंय, कुणी मदत केली की मराठीत म्हणते "देव तुमचं भलं करो" आणि पुढं गेल्यावर खरंच त्यांच्यासाठी एक वाक्य प्रार्थना करते.

काहींना भेटून सांगता येत नाही कारण ते आता नाहीत. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी १८३१ साली याच बेळगावात जन्मले आणि १८५४ साली इथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घरदार दुरावेल हे माहीत असून. पंडिता रमाबाईंचा जन्म आजच्या कर्नाटकातलाच, त्यांनी आयुष्याची शेवटची वर्षं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यात घातली, आणि १९२२ साली त्या गेल्या. मराठीत बायबल उघडलं की महिन्यातनं एकदा तरी मी या लोकांची नावं घेऊन देवाचे उपकार मानते. तुमच्या घरात पहिल्यांदा विश्वासात आलेली पणजी असेल, तिचं नाव शोधून काढा.

घरात पाणी शिरतं तेव्हा

आता सगळ्यात अवघड. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, कृष्णा सगळ्याच नद्या चढल्या तेव्हा माझ्या माहेरी, खानापूर तालुक्यात, घरात कमरेइतकं पाणी आलं. भाताची पोती भिजली, मागची भिंत बसली, आईला शाळेत नेऊन ठेवलं. मी तिसऱ्या दिवशी कशीबशी पोचले. तिथं एकजण, चांगल्या मनानंच, आईला म्हणाले, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करायची असते, मावशी." आई काही बोलली नाही, तोंड भिंतीकडं फिरवलं तिनं. मला तेव्हा त्या वचनाचाच राग आला होता.

नंतर मी ते वचन घेऊन खूप दिवस बसले. तिथं "सर्व स्थितीत" आहे, सर्व स्थितीबद्दल नाही. पुराच्या आत असताना, पुराबद्दल नाही. इफिसकरांस पत्रात ५:२० ला सर्व गोष्टींबद्दल असं आहे हे मला माहीत आहे, पण तेच बायबल आपल्याला रडायला पण शिकवतं. १३ वं स्तोत्र फक्त सहा वचनांचं आहे, सुरुवात होते "किती काळ?" या प्रश्नानं, एकदा नाही, चारदा, आणि शेवटाला उपकार येतात. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, त्यात उपकार येतच नाहीत, तरी ते बायबलमध्ये आहे. आणि योहानाचा ११ वा अध्याय बघा, येशू आपला मेलेला मित्र लाजर याच्या कबरेपाशी आधी रडला, मग थोड्या वेळानं वर बघून म्हणाला बापा, तू माझं ऐकलंस म्हणून तुझे उपकार मानतो. एकाच अध्यायात दोन्ही. ज्या रात्री त्याला धरून दिलं त्याच रात्री त्यानं भाकर घेतली आणि उपकारस्तुती करून मोडली, प्रभुभोजनाच्या वेळी आपण हे दर वेळी ऐकतो, पण ती रात्र कसली होती ते विसरतो.

म्हणून कठीण दिवसात क्रम असा ठेवा. आधी देवाला खरं सांगा, काय दुखतंय, राग आला असेल तर राग. रडायचं असेल तर रडा, घाई नको. मग त्या दिवसात देवाचा हात दिसलेली एकच छोटी जागा शोधा, एकच, मोठी शोधू नका. नाही दिसली तर "प्रभू, आज मला काही दिसत नाही, तू मला बघतोयस एवढं पुरे" एवढं म्हणून झोपा, ही पण प्रार्थना आहे. वहीत त्या दिवशी नुसती तारीख लिहिली तरी चालेल.

आणि दोन गोष्टी कधीच करू नका. दुसऱ्याच्या दुःखात त्याला उपकारस्तुती कर म्हणून सांगू नका, ते त्याचं त्याला आणि देवाला बोलू दे, तुम्ही जेवणाचा डबा न्या आणि शेजारी बसा. दुसरं, मार खाणाऱ्या बाईला, पगार बुडवलेल्या माणसाला "जे आहे त्यात देवाचे आभार मान" म्हणणं हे पाप आहे, मी विचार करून हा शब्द वापरतेय. तिला तिथनं बाहेर काढायला मदत करा, आभाराचं नंतर बघू.

त्या शाळेत आईजवळ एक कन्नड बोलणारी बाई होती, तिचं पण घर पाण्यात होतं. तिच्या पिशवीत दोन कोरड्या साड्या होत्या, त्यातली एक तिनं आईला नेसवली. आईला कन्नड येत नव्हतं, तिला मराठी येत नव्हतं. पाणी उतरल्यावर तीन आठवड्यांनी आईनं ती साडी धुऊन, घडी करून, सोबत कुंदा, आपली बेळगावची दुधाची मिठाई, घेऊन मला म्हटलं, चल, तिचं गाव शोधायचं. दोन बस बदलून गेलो. आईला कुणी लूकचा १७ वा अध्याय समजावला नव्हता.

मंडळीत, आणि एक सावधानी

कापणीच्या सणाला आपण धान्य, भाज्या, नारळ, कोंबड्या आणतो आणि उपासनेनंतर लिलाव होतो, ते लाडकं आहेच. त्या दिवशी नुसतं विकत आणून देऊ नका, घरचं काहीतरी द्या, कुंडीतली मिरची असली तरी. साक्ष द्यायची असेल तर दोन मिनिटांत द्या आणि शेवटी लोकांचं लक्ष तुमच्या नव्या गाडीवर न राहता देवावर राहील असं बोला. लूकच्या १८ व्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धर्मपुढारी, आठवा, त्याची प्रार्थना उपकार मानण्यानंच सुरू होते! देवा, मी इतरांसारखा नाही म्हणून तुझे उपकार. शब्द बरोबर होते, नजर शेजारच्या जकातदारावर होती. ज्या आभारात दुसऱ्याशी तुलना येते, "त्यांच्या मुलासारखं झालं नाही म्हणून धन्यवाद" वगैरे, ते वाक्य तिथंच थांबवा आणि नव्यानं सुरू करा.

मुलं आणि बरणी

मुलांसाठी वही नको, लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्या, शेजारी कागदाचे तुकडे आणि पेन्सिल. ज्याला वाटेल त्यानं लिहून टाकायचं, लहान मुलांनी चित्र काढायचं, सक्ती अजिबात करायची नाही. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन ओलांडल्यावर नदीच्या पात्रातनं बारा धोंडे उचलून आणायला सांगितलंय, कशासाठी, तर पुढं मुलांनी विचारावं हे धोंडे कसले आणि मोठ्यांनी गोष्ट सांगावी. बरणी दिसेल अशा जागी ठेवा, पाहुण्यांनी विचारलं की मुलांनाच सांगू दे.

३१ डिसेंबरला रात्रीच्या वॉचनाईट सर्व्हिसला, म्हणजे सरत्या वर्षाच्या चर्चमधल्या उपासनेला, निघायच्या आधी आम्ही बरणी ओततो आणि वह्या काढतो, चहा ठेवतो, आणि एकेक वाचतो. तासभर जातो. काही चिठ्ठ्यांचा अर्थ लिहिणाऱ्यालाच आठवत नाही, मग सगळे मिळून आठवतात. आई आमच्याकडं राहायला आल्यावर तिनंही वही धरली होती, तिला लिहायची सवय नव्हती, अक्षर मोठं, ओळीच्या बाहेर जाणारं. ती गेली त्या वर्षी तिची वही मी वाचायला घेतली. शेवटचं पान जुलैमधलं, भर पावसातलं. तिनं लिहिलं होतं, "आज ऊन पडलं. पांघरुणं वाळली. देवाचे उपकार."